पाणी निळं झालं का?

धुळ्याजवळच्या एका छोट्या कारखान्यातलं बॉयलरचं रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. तारीख, वाफेचा दाब, जळणाचं वजन आणि शेवटच्या रकान्यात पाण्याचा हार्डनेस, म्हणजे कडकपणा. पहिल्या तारखेला ३. दुसऱ्या तारखेला ३. सबंध पानभर ३. बोट खाली सरकवत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. त्या दिवशी पोळा होता. कारखाना बंद, बॉयलर थंड, दाबाच्या रकान्यात आडवी रेघ. हार्डनेस मात्र ३ लिहिलेला.

बाहेर शेडमध्ये त्याच बॉयलरची कापून काढलेली ट्यूब पडली होती. मधोमध फुगलेली, फुगवट्यावर बोटभर चीर. पाण्याच्या बाजूनं तिच्यावर पांढरट-तपकिरी थर चढला होता. छिन्नीनं टोकलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला. थरावर थर, जाडी तीन मिलिमीटरला कमी नाही. हार्डनेस रोज खरोखर ३ असता, तर हा थर तिथे दिसलाच नसता.

बॉयलरवर एक विशीतला मुलगा होता. मी विचारलं, तपासणी कोण करतं? तो खाली बघत म्हणाला, "काका, बाटल्या संपी गयात." तपासणीच्या रसायनांच्या बाटल्या चार महिन्यांपूर्वीच संपल्या होत्या. त्यानं दोनदा सांगून पाहिलं. रजिस्टर भरलेलं पाहिजे, एवढंच त्याला उत्तर मिळालं. म्हणून त्यानं रजिस्टर भरलं. त्या मुलावर मला राग धरता आला नाही. त्याच्याकडे रकाना मागितला गेला, तपासणी कुणी मागितलीच नाही.

मी जळगावचा. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र घेऊन तीस वर्षं भट्टीसमोर काढली. आता तपासणीची पेटी मोटरसायकलला बांधून जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर असा फिरतो आणि कारखान्यांचं पाणी बघतो. वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये होते, वाफेच्या इंजिनांच्या काळात. इंजिन थंड करायचं, वॉशआऊटचे प्लग उघडायचे आणि पाण्याच्या जोरदार धारेनं बॉयलरमधला गाळ धुऊन काढायचा, हे त्यांचं काम. कधी ते खिशातून क्षाराचा एखादा तुकडा काढून आईसमोर धरायचे. म्हणायचे, "तुझ्या हंड्यातलाच आहे बघ, फक्त इंजिनातला." बॉयलरच्या पाण्याचं शास्त्र मला पहिल्यांदा तिथे कळलं, आणि खान्देशातल्या कुठल्याही घराला ते तसंच सांगता येतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. पंधरा दिवसांत कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो. पाणी उडून गेलं, त्यातला क्षार मागे राहिला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ही प्रत्येक घरातली तक्रार. आपल्या बहुतेक भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं म्हटलं आहे. माणसाच्या पोटाला ६०० चालतं. बॉयलरला त्यातला अगदी थोडा भागही जास्त.

का, ते हिशोबानं सांगतो. ताशी दोन टन वाफेचा बॉयलर हा छोट्या कारखान्यातला नेहमीचा. सोळा तास पूर्ण भारावर चालला, तर दिवसाला बत्तीस हजार लिटर पाण्याची वाफ होते. पाण्याचा हार्डनेस ५०० असेल, तर चुनखडीच्या हिशोबात रोज १६ किलो क्षार बॉयलरमध्ये उतरतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरा, चार क्विंटल. वाफ जाते, हे चार क्विंटल जात नाहीत. काहींचा गाळ होऊन तळाशी बसतो, उरलेले जिथे आच सर्वांत जास्त, तिथे ट्यूबवर चिकटतात.

हा थर उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही. पलीकडे आग, अलीकडे पाणी आणि मध्ये दगडाची चादर. दहा किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी १८५ अंशांच्या आसपास असतं. ट्यूब स्वच्छ असेल, तर लोखंडही त्याच्या जवळपासच राहतं, कारण पाणी त्याची उष्णता सतत उचलत असतं. थर चढला की लोखंड तापत जातं, मऊ पडतं, आतल्या दाबानं फुगतं आणि एक दिवस फाटतं. शेडमध्ये पडलेल्या त्या ट्यूबचं तेच झालं होतं. त्या वेळी समोर कुणी उभं नव्हतं. पुढच्या वेळीही नसेल, याची हमी कोण देणार?

फाटण्याआधी कित्येक महिने तो थर मालकाच्या खिशातून पैसे काढत असतो. एक मिलिमीटर क्षारानं जळण पाच ते आठ टक्के जास्त लागतं, असं केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तकांत छापलेलं आहे. शंभर ट्रॉल्या ब्रिकेट जाळणाऱ्यानं समजावं की त्यातल्या पाच ते आठ ट्रॉल्या नुसता थर तापवायला गेल्या. पऱ्हाट्यांच्या ब्रिकेटच्या भावावर तासभर घासाघीस करणारा मालक मी पाहिला आहे. पाण्याच्या तपासणीवर त्यानं कधी पाच मिनिटं दिलेली मी पाहिली नाहीत.

उपाय सगळ्यांना माहीत असतो: सॉफ्टनर. टाकीत राळेचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून ते पुन्हा ताजे करायचे, याला रिजनरेशन म्हणतात. साधं यंत्र आहे, नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं चालतं. पण ते किती पाण्याला पुरेल, हे येणाऱ्या पाण्यावर ठरतं. ३०० हार्डनेसचं दहा हजार लिटर पाणी मऊ करणारा सॉफ्टनर ६०० हार्डनेसच्या पाण्याला पाच हजार लिटरमध्येच थकतो.

खान्देशातला खरा घोळ इथे होतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी एक असतं, फेब्रुवारीत दुसरं. एप्रिल-मे उजाडला की टँकर सुरू. आज या शिवारातली विहीर, उद्या त्या. टँकरवाल्याला हार्डनेस कोण विचारतो? रिजनरेशन मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, जणू पाणी वर्षभर एकच आहे. ज्या दिवसांत पाणी सर्वांत जड, त्याच दिवसांत सॉफ्टनर अर्ध्या वाटेत थकलेला असतो आणि कडक पाणी सरळ बॉयलरमध्ये जातं. नुसत्या डोळ्यांना त्यात काही फरक दिसत नाही. ग्लासात धरा, दोन्ही पाणी सारखीच स्वच्छ.

फरक दाखवते ती एक छोटी बाटली. सॉफ्टनरमधून निघालेलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, चिमूटभर इंडिकेटर टाकून हलवायचं. पाणी लालसर, जांभळाच्या रसासारखं झालं, तर क्षार शिल्लक आहे. निळं झालं, तर पाणी मऊ. लाल झालंच, तर दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंबाथेंबानं टाकत निळं होईपर्यंत थेंब मोजायचे, की आकडा मिळतो. दोन मिनिटांचं काम. दहावी नापास मुलगा एका दुपारी शिकतो. मी कितीतरी जणांना शिकवलं आहे. प्रत्येक पाळीला हा एक प्रश्न विचारला गेला, पाणी निळं झालं का, तर खान्देशातल्या कितीतरी ट्यूब वाचतील.

क्षार हा एक शत्रू, गंज हा दुसरा. तो जास्त गुपचूप येतो. साध्या पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. नदीतल्या माशाला तो जगवतो. बॉयलरच्या लोखंडाला तोच टोचून टोचून खड्डे पाडतो. बाकी ट्यूब धडधाकट दिसते, आणि एका ठिकाणी सुई जाईल एवढं भोक. सोडियम सल्फाइट टाकून हा प्राणवायू मारतात. एक भाग प्राणवायूला साधारण आठ भाग सल्फाइट. पण त्याआधीचा उपाय याहून स्वस्त आहे. फीड टँकमधलं पाणी ८५ अंशांपर्यंत तापवलं, तर दोन-तृतीयांश प्राणवायू आपणच निघून जातो. त्यासाठी वेगळं जळण लागत नाही. कारखान्यात वापरून झालेल्या वाफेचं जे गरम पाणी होतं, ते कंडेन्सेट परत टाकीत आणायचं. फीडचं पाणी सहा अंशांनी गरम झालं की जळण एक टक्क्यानं वाचतं, हा या धंद्यातला जुना, पारखलेला ठोकताळा आहे.

आणि कंडेन्सेटचा हिशोब खान्देशात केवळ जळणाचा नाही. सॉफ्टनर क्षाराची जात बदलतो, एकूण क्षार कमी करत नाही. बॉयलरमध्ये ते साठत जातात आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा, साडेतीन हजारांच्या वर जाऊ नये म्हणून ब्लो डाऊन उघडून पाणी फेकावं लागतं. येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ५०० असेल, तर बत्तीस हजार लिटर वाफेमागे रोज पाच हजार तीनशे लिटर उकळतं पाणी गटारात जातं. निम्मी वाफ कंडेन्सेट होऊन परत आली, तर हा आकडा निम्मा होतो आणि रोजच्या ताज्या पाण्याची गरजही सदतीस हजारांवरून साडेअठरा हजारांवर येते. बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरमागे धावतात त्याच तालुक्यात कारखान्यामागच्या नालीत गरम, शुद्ध, पैसे देऊन तापवलेलं कंडेन्सेट वाहताना मी पाहिलं आहे. ते पाहून जीव तुटतो.

हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी दीपनगरकडे बोट दाखवतो. भुसावळजवळच्या त्या औष्णिक वीज केंद्रात २१०, ५०० आणि आता ६६० मेगावॅटचे संच उभे राहिले. पाणी आपल्याच तापीचं. पण बॉयलरमध्ये जाण्याआधी त्यातला क्षार जवळजवळ शून्यावर आणतात आणि उरलासुरला भाग अब्जांश भागांत मोजतात. ६६० मेगावॅटचा संच सुपरक्रिटिकल तंत्राचा. अशा बॉयलरला ड्रमच नसतो, म्हणून ब्लो डाऊन करून घाण फेकायची सोय नाही. पाणी आत जातानाच शुद्ध हवं. तिथे पाण्याची प्रयोगशाळा नसती, तर वीज निघालीच नसती. त्याच खान्देशात दोन टनांच्या बॉयलरला आठशे रुपयांच्या आसपासच्या बाटल्या मिळत नाहीत.

वाफ खान्देशाला नवी नाही. जळगावच्या खान्देश मिलच्या भोंग्यावर शहराचा दिवस सुरू व्हायचा. अमळनेरात १९०६ साली प्रताप मिल उभी राहिली. १९४५ साली तिथेच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावानं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, ज्याचं नाव पुढे जगानं विप्रो म्हणून ऐकलं. साखर कारखाने आले, दोंडाईचात मक्याचं स्टार्च निघू लागलं, आता केळीचा पल्प आणि वाळवलेला कांदा आहे. दूध असो, तेल असो, दवाखान्यातले कपडे असोत, मागे कुठेतरी बॉयलर असतोच. मिलच्या काळात बॉयलरवर तयार झालेला फायरमन मुरलेला असायचा. जुन्याच्या हाताखाली नवा घडायचा. मिल्स बंद पडल्या आणि ती साखळी तुटली. बॉयलर छोटे झाले, गावोगाव विखुरले, आणि पाण्याचं शहाणपण त्यांच्यासोबत गेलं नाही.

कायदा काय करतो? १८६३ साली कोलकात्यात बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा दुसऱ्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे सबंध देशासाठी १९२३ चा कायदा आला. तो शतकभर चालला आणि त्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा लागू झाला आहे. आपल्या राज्यात बाष्पके संचालनालय हे काम बघतं. बॉयलर थंड करून उघडायचा, आतून बघायचा, पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची, मग प्रमाणपत्र. ही वार्षिक तपासणी मोलाची आहे, तिच्यामुळे कितीतरी जीव वाचले आहेत. पण तपासणारा वर्षातून एक दिवस येतो आणि पाणी उरलेले सगळे दिवस आत जात असतं. तपासणीच्या आठ दिवस आधी ॲसिडनं डिस्केलिंग करून ट्यूब चकचकीत करणारे कारखाने मला माहीत आहेत. बेसुमार ॲसिड लोखंडही खातं. तपासणाऱ्याला स्वच्छ ट्यूब दिसते. ती अकरा महिने कशी जगली, ते दिसत नाही.

म्हणून माझी मागणी पाण्यापुरती आणि अगदी ठाम आहे.

वार्षिक प्रमाणपत्रासाठी पाण्याच्या नोंदी बंधनकारक धराव्यात, आणि नुसतं रजिस्टर बघून थांबू नये. तपासायला येणारा सरकारी अधिकारी असो की कायद्यानं मान्य केलेली दुसरी सक्षम व्यक्ती, त्यानं समोर नमुना घ्यायला लावावा आणि बॉयलरवरच्या माणसाच्याच हातून तपासणी करून घ्यावी. पाणी निळं करून दाखव, एवढंच म्हणावं. बाटल्या आहेत की नाहीत, हात शिकलेला आहे की नाही, दोन मिनिटांत कळेल. डिस्केलिंग केव्हा आणि किती वेळा केलं, तेही नोंदवायला लावावं. वारंवार डिस्केलिंग म्हणजे पाणी बिघडल्याची कबुली आहे.

दुसरं, मोठ्या कारखान्याकडे केमिस्ट असतो, छोट्याकडे नसतो. जळगावात बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, जळगाव आणि धुळ्यात शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. त्यांनी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचं पाणी महिन्यातून एकदा माफक शुल्कात तपासून द्यावं. विद्यार्थ्यांना खरं पाणी, खरा बॉयलर बघायला मिळेल. उद्योजकांच्या संघटनांनी यात पुढाकार घ्यावा. दहा कारखाने मिळून एक शिकलेला माणूस ठेवू शकतात.

तिसरं, प्रशिक्षण मराठीत हवं. बॉयलरच्या पाण्याची पुस्तकं, डब्यांवरच्या सूचना, तक्ते सगळे इंग्रजीत आणि आगीसमोर उभा राहणारा आपल्या गावाचा. पीएच साडेदहा ते साडेअकरा का ठेवायचा, सल्फाइट लिटरला तीस ते पन्नास मिलिग्रॅम शिल्लक का दिसला पाहिजे, टँकर बदलला तर काय करायचं, हे एका मोठ्या कागदावर मराठीत लिहून प्रत्येक बॉयलरशेजारी लावा. मी स्वतः हातानं लिहून असे कागद वाटतो. शासनानं छापले तर गावोगाव पोचतील.

मालकांना एक सांगणं आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये रोज ३ लिहिलेला असेल, तर खूश होऊ नका. खान्देशातल्या पाण्याचा आकडा वर्षभर एक राहूच शकत नाही. चढउतार दिसला तर समजा की कुणीतरी खरंच तपासतो आहे. आणि आकडा वाईट आला म्हणून त्या मुलावर ओरडू नका, नाहीतर उद्यापासून तो पुन्हा ३ लिहील.

त्या कारखान्यात मी नव्या बाटल्या देऊन आलो होतो. मुलाला दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यानं स्वतः केलं. पुढे उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तेव्हा रजिस्टर मागितलं. ४, ३, ५, ४. मग एका तारखेला लाल शाईनं २८, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: "टँकर बदलला. रिजनरेशन मारलं. संध्याकाळी पुन्हा ४." त्या २८ वर मी सही केली.